मंगळ काढल्यावर कॉम्प्युटर थांबेना

मी हिंजवडीत एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. लोकांचे कॉम्प्युटर अडले की ते मला फोन करतात आणि मी गोडगोड आवाजात विचारते, "सर, एकदा बंद करून चालू करून बघितलंत का?" दिवसभर हेच. त्यांतल्या कित्येकांनी वायरच लावलेली नसते, पण तसं तोंडावर सांगायचं नसतं. "कृपया वायर तपासून बघता का?" असं विचारायचं असतं. एवढा सगळा गोडवा ऑफिसात सांडून आल्यावर घरच्यांसाठी काय उरत असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. आई म्हणते, या पोट्टीच्या नाकावर कायम राग बसलेला असतो. बसणारच. मी धनकवडीहून हिंजवडीला रोज ये-जा करते.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा, म्हणजे ज्ञानदेव, सरकारी कचेरीत लिपिक होते. बदली होऊन पुण्यात आले आणि इथलेच झाले. आई, म्हणजे दुर्गाबाई, इतकी वर्षं पुण्यात राहूनही वऱ्हाडीच बोलते, आणि पुणेकरांनी नाक मुरडलं तर आणखी मोठ्यानं बोलते. बाबा मात्र कचेरीतलं मराठी बोलतात. घरातलं मीठ संपलं तर "मीठ उपलब्ध नाही" असं कळवतात.

बाबांच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला "नंतर या" म्हणायची पद्धत होती. बाबांना त्या शब्दाचा तिटकारा होता. म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा हेलपाटे घालताना त्यांना बघवायची नाहीत. त्यांनी स्वतः शेवटपर्यंत तो शब्द तोंडातून काढला नाही. टेबलावर कागद आला की तिथल्या तिथे निकाल. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यावर भाषण केलं, बाबा रडले, मीही रडले. इथपर्यंत सगळं छान. पण मग ते ही सवय घेऊन घरी येऊन बसले. दारात कुणीही काहीही विकायला येवो, बाबा तिथल्या तिथे हो म्हणतात. आमच्याकडे पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं आहेत आणि पाणी आम्ही माठातलं पितो.

असाच एक जण मध्यंतरी दारात आला आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर टाकून गेला. झालं! बाबांना उद्योग मिळाला. सोसायटीतल्या सगळ्यांच्या पत्रिका निघाल्या. वॉचमनची निघाली. जिन्यात बसणाऱ्या मांजरीची निघाली, तिला राजयोग होता. माझी निघाली तर कडक मंगळ. आईनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, पत्रिका न काढताही माझ्याबरोबर राहणाऱ्या कुणालाही हे कळलं असतं.

तेवढ्यात मावशीनं अमरावतीचं एक स्थळ आणलं. मुलगा सुदर्शन, बी-बियाणं आणि खतांचं घरचं दुकान, एकुलता एक, दिसायला बरा. दुकान त्याचे वडील पोपटराव चालवतात आणि सुदर्शनलाही तेच चालवतात, असं मावशीच्या बोलण्यावरून माझ्या ध्यानात आलं. बाबांनी लगेच दोन्ही पत्रिका मशीनमध्ये घातल्या. गुण इतके कमी जुळले की बाबांनी यंत्रातच दोष असावा असं मत नोंदवलं. आईला तर स्थळ भलतंच आवडलेलं. ती म्हणाली, "काढून टाका ते मेलं! पोपटरावांनी इचारलंच त आम्ही पत्रिका पायतच नाही म्हणाचं." त्यावर बाबांनी मंगळवारी योग्य ती कार्यवाही केली. म्हणजे सॉफ्टवेअर काढून टाकलं, पुरावा नष्ट.

शनिवारी संध्याकाळी पाचला पोपटरावांशी व्हिडिओ कॉल ठरला होता. मला त्या कॉलची धास्ती होती, ती का ते सांगते. मावशीनं आधीच कानावर घातलं होतं, मुलीनं नोकरी सोडून अमरावतीला यायचं, दुकान आणि घर बघायचं. मला तर नुकतंच टीम लीड केलं होतं. नवीन पोरांची टीम, नवीन खुर्ची. त्या खुर्चीसाठी मी किती वर्षं लोकांना वायर तपासायला लावली होती! मला नोकरी सोडायची नव्हती. आईला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, बाबांना सांग. बाबांना सांगायला गेले, तर म्हणाले, "सर्व संबंधितांशी चर्चा होऊन निर्णय होईल." त्या संबंधितांत मी नव्हते बहुतेक. आणि बाबांचा स्वभाव मला ठाऊक. पोपटरावांनी "मग ठरलं ना?" म्हटलं की बाबा तिथल्या तिथे हो म्हणणार, आणि पाणी शुद्ध करायच्या तिसऱ्या यंत्रासारखी मी अमरावतीला पोचणार. या भीतीनं त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसात बाबांचा फोन आला.

"रुपाली, आपला संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होत आहे."

"कधीपासून?"

"पत्रिकेचं सॉफ्टवेअर काढल्यापासून."

"आपोआप होतो, की तुम्ही काही केल्यावर?"

"आपोआप. मी काहीएक करत नाही, नुसता बसलेला असतो. सुरू होतो, जरा वेळ बरा असतो, आणि जातो."

"जायच्या आधी स्क्रीनवर काही दिसतं का?"

"काही विशेष नाही. नेहमीचंच."

नेहमीचंच म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. परक्या माणसाला मी ते हटकून विचारलं असतं. पण स्वतःच्या बापाशी बोलताना माणूस उगाच घाई करतो. मी त्यांना कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू करायला लावला, म्हणजे फक्त गरजेपुरतं चालू ठेवून बाकी सगळं बंद. त्या एवढ्याशा कामाला माझी जेवणाची सुट्टी गेली, कारण बाबा प्रत्येक बटण दाबण्याआधी त्याचं नाव मोठ्यानं वाचायचे आणि मग आईला विचारायचे. सेफ मोडमध्ये मात्र तो एकदम शहाण्यासारखा चालला. पण त्यात कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, म्हणजे पोपटराव दिसणार नाहीत. मला ते चाललं असतं, पण मी ते बोलले नाही.

"बाबा, त्या सॉफ्टवेअरचं काहीतरी मागे राहिलंय," मी म्हटलं.

फोन स्पीकरवर होता. मागून आईचा आवाज आला, "पाहा! मी नव्हतं सांगितलं? मंगळ काढला नं तुम्ही, तो चिडला. आता तो कॉम्पुटरले लागला!"

मी फोन ठेवला. त्या आठवड्यात माझी दुपारपाळी होती. मी घरी पोचायचे तेव्हा सगळे झोपलेले, आणि मी उठायचे तेव्हा आई काहीतरी नवा उपाय करून बसलेली. गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरच्या डब्यावर लिंबू-मिरची लटकत होती. मी म्हटलं, "आई, माझ्या ऑफिसात कळलं ना, तर लोक मला कामावरून काढतील." ती म्हणाली, "काढू दे नं, तसंही सोडायचीच आहे." मी आंघोळीला निघून गेले, नाहीतर त्या मिरच्या मीच तिच्या तोंडात घातल्या असत्या.

उपाय चालेना, तेव्हा दोघांनी कॉम्प्युटर स्वारगेटला इरफानभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं ठरवलं. आईनं तो डबा शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. रिक्षावाल्याला वाटलं, आजी तान्ह्या बाळाला घेऊन चालल्या आहेत. त्यानं अख्ख्या सातारा रस्त्यावरचे खड्डे चुकवत रिक्षा नेली आणि उतरताना "गप आहे हो पोर, रडलं नाही," असं कौतुकही केलं. आई म्हणाली, "मंगळ हाये त्याले." रिक्षावाला सुट्टे पैसे न मोजताच निघून गेला.

इरफानभाई मला लहानपणापासून ओळखतात. माझा पहिला की-बोर्ड त्यांच्याच दुकानातला. त्यांनी डबा उघडला, धूळ फुंकली, आतल्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या आणि मशीन लावून ठेवलं. दिवसभर चाललं. एकदाही बंद पडलं नाही. त्यावर त्यांनी बिलं केली, गाणी लावली, नमाजाला जाऊन आले, तरी चालूच. "काका, मशीन एकदम ओके आहे," ते म्हणाले, "लोचा तुमच्या घरात आहे."

शुक्रवारी डबा घरी आला. बाबा खुर्चीत बसले, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि थोड्याच वेळात पुन्हा गेला. बाबांनी इरफानभाईंना फोन करून "येथे आणताच स्थिती पूर्ववत," असं कळवलं. इरफानभाई म्हणाले, अर्थिंग तपासा. आई म्हणाली, कशाचं अर्थिंग घेऊन बसले, घराची वास्तूच बिघडली आहे. मग दिशा बदलायचं ठरलं. शनिवारी सकाळी मी डोळे चोळत बाहेर आले, तर कॉम्प्युटर देवघराशेजारी ईशान्य दिशेला, त्याच्या माथ्यावर कुंकू, आणि बाबा पाटावर मांडी घालून माउस धरून बसलेले.

"काय फरक?" मी विचारलं.

"अद्याप नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं, सोन्यासारखी संधी चालून आली आहे. कॉम्प्युटर बंद, कॉल बंद, पोपटराव बंद. पण आई म्हणाली, "नाही त नाही. पोपटराव म्हणतात आम्हीच येतो तिकडे, परवाच्या गाडीनं." आता पोपटराव घरी येऊन सोफ्यावर बसले असते, तर बाबांनी चहा ओततानाच हो म्हटलं असतं. त्यापेक्षा पडद्यावरचे बरे. मोबाईलवर कॉल घ्यायला पोपटरावांचा नकार होता. त्यांना सगळं कुटुंब एका वेळी बसलेलं दिसायला हवं होतं, आणि आईला मागचं नवं शोकेस दाखवायचं होतं. माझ्या लॅपटॉपवर कंपनी असलं काही चालू देत नाही. म्हणून मी बाह्या सरसावल्या.

दुपारची जेवणं उरकल्यावर टेबल पुन्हा हॉलमध्ये आणलं. बाबांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "तुम्ही रोज जे करता तेच करा. मी नुसती मागे उभी राहते." हे आम्ही ऑफिसात करतो. माणूस काय सांगतो ते ऐकायचं नाही, तो काय करतो ते बघायचं. ते मला बुधवारीच सुचायला काय झालं होतं, देव जाणे.

कॉम्प्युटर सुरू झाला. आईच्या माहेरच्या गणपतीचा फोटो आला. बाबांनी त्याला नमस्कार केला. मग स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन उघडला. मी वाचायला वाकते न वाकते तोच बाबांनी टक् करून काहीतरी दाबलं आणि स्क्रीन काळी झाली.

"बघ," बाबा म्हणाले. "गेला."

"काय दाबलंत तुम्ही आत्ता?"

"आत्ता दाबलं."

"हो, पण काय?"

"तेच सांगतोय. त्यानं विचारलं, सॉफ्टवेअर पूर्णपणे काढण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल, आत्ता करू की नंतर? मी 'आत्ता' दाबलं."

"हे तो दर वेळी विचारतो?"

"दर वेळी. फार नम्रपणे विचारतो."

"आणि तुम्ही दर वेळी..."

"मग काय त्याला नंतर ये म्हणू?" बाबा एकदम ताठ झाले. "रुपाली, समोरचा रीतसर परवानगी मागत असताना त्याला ताटकळत ठेवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. उभ्या आयुष्यात मी ते केलं नाही."

आता मला सगळा उलगडा झाला. सॉफ्टवेअर अर्धवट निघालं होतं, म्हणून कॉम्प्युटर दर वेळी तोच प्रश्न विचारत होता. बाबा दर वेळी बाणेदारपणे मंजुरी देत होते. तो बिचारा बंद होऊन परत येत होता आणि पुन्हा विचारत होता. मंगळवारपासून दोघं एकमेकांना दमवत होते.

"मंग मंगळ नव्हता?" आई दारातून म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला होता.

"नाही. बाबा होते."

मी इरफानभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "तो चौकोन होय? आला होता ना सारखा. मी फुली मारत होतो. आपण कुठे वाचतो ते?" मी त्यांच्यावरही ओरडले. ते हसत होते, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता सॉफ्टवेअरचे उरलेले तुकडे शोधून काढायचे तर दोन तास लागले असते, आणि आईनं मला साडी नेसायला लावण्यात तेवढा वेळ घालवला. पाच वाजत आले. मी ठरवलं, साफसफाई कॉल झाल्यावर. तोवर चौकोन आला की "नंतर" दाबायचं, बास. पण बाबा मधोमध बसणार, म्हणजे माउस त्यांच्या हाताशी. मी त्यांना देवासमोर शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली, पण तोंड असं केलं, जणू मी त्यांना लाच खायला सांगतेय. मी सराव करून घेतला. चौकोन आला, बाबांनी डोळे मिटून "नंतर" दाबलं आणि पुटपुटले, "क्षमस्व."

पाच वाजता पोपटराव पडद्यावर उगवले. सगळा पडदा त्यांनीच व्यापला होता. सुदर्शन कडेला अर्धा दिसत होता, एक डोळा, एक कान, आणि निळ्या शर्टाची बाही. नमस्कार-चमत्कार झाले. आईनं शोकेस दाखवण्यासाठी स्वतःचं डोकं बाजूला केलं. पोपटरावांनी शोकेसकडे बघितलंही नाही.

"हे पाहा सोयरे," ते सुरूच झाले, "आपल्याले लांबण लावाची सवय नाही. पोरगी आम्हाले पसंत आहे. नोकरी-फिकरीचं म्हणाल त सोडून देऊ द्या. इकडं दुकान आहे, घर आहे, पुण्यात काय ठेवलं? हॉल पाहून ठेवला मी, पुढच्या गुरुवारी मोकळा आहे. साक्षगंध उरकून घेऊ. काय?"

अजून सुपारीसुद्धा फुटली नव्हती आणि हा माणूस साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, हॉलपर्यंत पोचला होता! मी तोंड उघडलं. टेबलाखाली आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

पडद्यावर सुदर्शनचा एक डोळा हलला. "बाबा, मी काय म्हणतो..."

"तू थांब जरा," पोपटराव म्हणाले. "मोठी माणसं बोलून राहिली नं. हं, मग सोयरे? हॉलवाला फोनवर थांबला आहे. होकार द्या, म्हणजे मी त्याले सांगतो. काय ते आत्ताच सांगा."

आत्ताच सांगा. बाबांना नेमकं हेच म्हणायला नको होतं. मी बाबांकडे बघितलं. समोर माणूस, हातात काम, आणि तो वाट बघतोय. बाबांनी पोपटरावांकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी चिमट्याचं होतं, पण आता ते नुसतं चिमट्याचं राहिलं नव्हतं. आतल्या आत मी ओरडत होते, बाबा, नका हो म्हणू, पाया पडते, नका म्हणू.

बाबांचे ओठ उघडले. तेवढ्यात तो मेला चौकोन पोपटरावांच्या मिशांवर येऊन बसला.

बाबांचा हात माउसवर गेला. "बाबा, नंतर," मी दात आवळून म्हटलं. "नंतर दाबा."

त्यांनी "आत्ता" दाबलं. पोपटराव गेले. हॉलवाला गेला. स्क्रीन काळी.

"बाबा!" मी किंचाळलेच. "देवासमोर शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"घेतली होती," बाबा म्हणाले. "जाणीवपूर्वक मोडली." त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "हा पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो?"

"असेल दोन-तीन मिनिटं. का?"

"तेवढा वेळ आहे आपल्याकडे. बोल. तुला काय पाहिजे?"

आठवडाभर बसमध्ये मी या भांडणाची तयारी केली होती. कुठल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं, कुठे रडायचं, कुठे दार आपटायचं, सगळं ठरलेलं होतं. आणि हा माणूस सरळ विचारत होता. मला हुंदकाच आला.

"मला कुणाला थांब म्हणता येत नाही, पोरी," बाबा म्हणाले. कचेरीतलं मराठी कुठल्या कुठे पळालं होतं. "तोंडातून निघतच नाही. जीभच वळत नाही माझी. म्हणून याला म्हणायला लावलं. आता लवकर बोल, तो परत येईल."

"मला नोकरी सोडायची नाही," मी म्हटलं. "अमरावतीला जायचं नाही. कुणाच्या हॉलसाठी मी साक्षगंध करणार नाही. मी कष्टानं तिथपर्यंत पोचलेय, बाबा. मला ते काम आवडतं. कटकट करते, पण आवडतं."

"आणि पोट्टा?" आईनं विचारलं.

"मुलाचं मला काय माहीत? त्याचा एक कान बघितलाय मी फक्त."

"मले त वाटलं तुले पसंत आहे. फोटो पाहून हसून राहिली होती नं तू?"

"आई, फोटोत त्याच्यामागे खताची पोती होती आणि त्याचा शर्ट पण त्याच कापडाचा होता. म्हणून हसले."

आई माझ्याजवळ सरकली. मग जिथे चिमटा काढला होता तिथे तिनं हात फिरवला. "लागलं का वं?" एवढंच म्हणाली. मला वाटलं आता मी पुन्हा रडणार, पण तेवढ्यात बाबांचा मोबाईल वाजला. पोपटराव. तिकडे कॉम्प्युटरही सुरू होऊन गणपती दिसायला लागला होता.

बाबा उभे राहिले. पूर्वी साहेबांचा फोन आला की उभे राहायचे, तसेच. शर्ट खाली ओढला. फोन कानाला लावला, आणि पलीकडून येणारं बोलणं संपायची वाटसुद्धा बघितली नाही, हे त्यांच्या बाबतीत मी प्रथमच पाहत होते.

"नमस्कार पोपटराव. संगणक उत्तम आहे. मुलगी नोकरी सोडणार नाही आणि पुणंही सोडणार नाही. ही अट असेल तर आमचा नकार समजावा. हॉलवाल्यांना कळवा, त्यांचा खोळंबा नको."

पलीकडून बराच वेळ काहीतरी गडगडलं. बाबा "हो", "बरोबर", "आपला राग रास्त आहे" असं म्हणत राहिले, पण नकार काही त्यांनी मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी फोन ठेवला. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फार अवघड असतं गं हे." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या टकलाची पापी घेतली. आई म्हणाली, "पुरे, साडी चुरगाळून राहिली."

कॉम्प्युटर पुन्हा काहीतरी विचारत होता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

साडी सोडून मी बाहेर आले, तर माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला होता.

"नमस्कार. मी सुदर्शन. बाबा रागानं दुकानात गेले आहेत. मला दुकानात बसायचं नाही, पुण्यात नोकरी शोधायची आहे, हेच मी मघाशी सांगत होतो. तुमचा कॉम्प्युटर ऐन वेळी बंद पडला तसं आमच्याकडे काही बसवता येईल का? मलाही दोन मिनिटं पाहिजे होती."

मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. आईनं त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचला आणि "अरे बाप्पा!" म्हणाली.

"बोल त्याच्याशी," बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "आम्ही गॅलरीत बसतो." आणि खरंच, आईचा दंड धरून तिला बाहेर घेऊन गेले. जाताना दारही ओढून घेतलं.

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"हॅलो," सुदर्शन म्हणाला. आणि थांबला.

मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "अजून कुणी मधे कसं बोललं नाही, म्हणून थांबलो."